कपाटाबाहेरची पुस्तके: शाळकरी मुलांसाठी ग्रंथालयीन उपक्रम

मुलांच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की पुस्तके किती, कपाटे किती आणि खोली कोणती याच हिशेबाने बोलणे सुरू होते. परंतु सहा ते चौदा वर्षांचे मूल केवळ पुस्तक जवळ आहे म्हणून वाचू लागत नाही, हे या कामाच्या शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासाने पुरेसे दाखवून दिले आहे. पुस्तकाची आणि मुलाची गाठ घालून देणारे माणूस लागते, त्या माणसाच्या हाती ठरलेला वेळ लागतो आणि त्या वेळात काय करायचे याची काही एक रीत लागते. ग्रंथालयाच्या व्यवहारात ज्याला उपक्रम म्हणतात तो या तिन्हींच्या मेळातून उभा राहतो. गोष्टीचा तास, मोठ्याने वाचन, पुस्तकांची तोंडओळख, सुट्टीतील वाचन योजना, फिरती पेटी, मुलांनीच सांभाळलेली देवघेव ही त्याची निरनिराळी रूपे आहेत. यांपैकी कोणताही उपक्रम चांगला की वाईट हे ठरवण्याची कसोटी मात्र साधी आहे: तो संपल्यावर मूल स्वतःच्या पसंतीचे पुस्तक हातात घेऊन घरी जाते का? ज्या उपक्रमाच्या शेवटी पुस्तके पुन्हा कुलपात जातात, तो कितीही देखणा असला तरी ग्रंथालयाचा उपक्रम ठरत नाही.

ही कसोटी महत्त्वाची ठरते, कारण पुस्तके शाळेपर्यंत पोहोचवण्याची तरतूद आज कागदावर तरी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची सोय करण्यात आली. रक्कम मोठी नसली, तरी चित्रमय मराठी पुस्तकांच्या किमती पाहता प्राथमिक शाळेला दरवर्षी काही डझन नवी पुस्तके घेता येतील एवढी ती निश्चित आहे. म्हणजे पुस्तके अगदीच नाहीत असे नाही. ती मुलांच्या हाती जाण्याची वाट अडलेली आहे, आणि ही वाट मोकळी करण्याचे काम उपक्रमांचे आहे.

या कामाची सुरुवात सार्वजनिक ग्रंथालयांत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांत ठरावीक वयाखालील मुलांना प्रवेशच नसे. मुले गोंधळ घालतात, पाने फाडतात, असा समज रूढ होता. शतकाच्या अखेरीस मुलांसाठी स्वतंत्र खोल्या निघू लागल्या आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयाने १८९९ पासून गोष्टीच्या तासाला नियमित उपक्रमाचे रूप दिले. तेथील बालविभागाच्या प्रमुख फ्रान्सिस जेन्किन्स ऑल्कॉट यांनी या तासाकडे करमणूक म्हणून पाहिले नाही. ग्रीक पुराणकथा किंवा शेक्सपिअरच्या नाटकांची कथानके क्रमाने सांगावीत आणि त्या गोष्टी ज्या पुस्तकांत आहेत ती पुस्तके मुलांना घरी नेण्यासाठी तयार ठेवावीत, अशी ती योजना होती. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ मध्ये बालसेवेची सूत्रे हाती घेणाऱ्या ॲन कॅरोल मूर यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथे सभासद होणारे मूल एका वहीत आपले नाव लिहून, पुस्तके नीट वापरू आणि ग्रंथालयाचे नियम पाळू असे वचन देत असे. मुलावर विश्वास टाकला की ते जबाबदारीने वागते, ही भूमिका त्या वहीमागे होती, आणि मुलांच्या ग्रंथालयाचा पुढचा सगळा विस्तार या भूमिकेवरच उभा राहिला आहे.

भारतात याच सुमारास बडोदे संस्थानात जे घडले ते मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे असायला हवे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. मात्र शाळेत अक्षरओळख झालेले मूल शाळा सुटल्यावर वाचायला काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षर होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिल्यावर त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास बोलावले. पुढील तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, त्यास जोडलेली गावोगावची वाचनालये आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण अशी सलग रचना तेथे उभी राहिली. मुलांसाठी वेगळी खोली करून तेथे पुस्तकांबरोबर खेळांचे साहित्यही ठेवण्यात आले. ज्या गावी वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात, काही काळ तेथे ठेवून त्या परत आणल्या जात आणि नव्या पुस्तकांसह पुन्हा रवाना होत. जादूच्या दिव्यावरील चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी एक स्वतंत्र शाखाही या खात्यात होती. गावाने वाचनालयासाठी वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, हे तिथले सूत्र होते. लोकांनी स्वतःचे काही घातल्याशिवाय वाचनालय त्यांचे होत नाही, ही त्यामागची समज आजही तितकीच खरी आहे. ‘फिरती पेटी’ म्हणून आज जो उपक्रम नव्याने मांडला जातो, त्याचे मूळ या पेट्यांपर्यंत सहज नेता येते.

आजच्या उपक्रमांपैकी सर्वांत अधिक विचार ‘मोठ्याने वाचन’ या प्रकाराचा व्हायला हवा. मोठ्याने वाचन म्हणजे प्रौढ व्यक्तीने पुस्तक हातात धरून, चित्रे दिसतील अशा रीतीने, मुलांच्या गटाला ते वाचून दाखवणे. कथाकथनापासून हा प्रकार वेगळा आहे. साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनी उभारलेल्या साने गुरुजी कथामालेमुळे गोष्ट सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात गावोगाव रुजली, आणि तिचे मोल मोठे आहे. तोंडी सांगितलेल्या गोष्टीत सांगणाऱ्याचा आवाज, हातवारे आणि ऐकणाऱ्यांशी त्याचे जमलेले सूत यांनाच महत्त्व असते, तर मोठ्याने वाचनात पुस्तक सतत समोर असते. ऐकू येणारी ही गोष्ट या कागदावरच्या अक्षरांतून निघते आहे आणि ही अक्षरे आपल्यालाही कधीतरी वाचता येतील, ही जाणीव त्यातून मुलाला होते. घरात छापील मजकूर क्वचितच दिसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही जाणीव फार मोलाची असते.

हा तास प्रत्यक्षात कसा चालतो हे भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीच्या परिचित गोष्टीवरून पाहता येईल. ग्रंथपाल आधी मुखपृष्ठ दाखवतो, शीर्षक वाचतो, लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव सांगतो आणि चित्रात काय दिसते एवढेच विचारतो. पंधरा-वीस मुले अर्धवर्तुळात जमिनीवर बसलेली असतात आणि पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, एका बाजूला धरलेले असते, म्हणजे वाचणाऱ्यालाही अक्षरे दिसतात आणि ऐकणाऱ्यांनाही चित्र दिसते. वाघ समोर येतो त्या पानावर तो थांबतो. आता म्हातारी काय करील, असे विचारून दोन-तीन अंदाज ऐकतो, पण कोणताही अंदाज चूक ठरवत नाही आणि पान उलटतो. थांबे फार झाले तर गोष्टीचा ओघ तुटतो, म्हणून ते कुठे घ्यायचे हे त्याने आदल्या दिवशीच ठरवलेले असते. गोष्ट संपल्यावर ‘यावरून काय बोध झाला?’ हा प्रश्न तो विचारत नाही. त्याऐवजी, म्हातारीने परत येण्याचा शब्द वाघाला दिला होता आणि भोपळ्यात लपून तो चुकवला, हे तिने बरोबर केले की चूक, असे तो विचारतो. या प्रश्नाला ठरलेले उत्तर नसते, त्यामुळे वर्गात कधी न बोलणारी मुलेही तावातावाने बाजू घेतात आणि आपले म्हणणे पटवण्यासाठी गोष्टीतलेच दाखले शोधू लागतात. वाचलेल्याचा अर्थ लावणे म्हणजे काय, याचा याहून सोपा धडा क्वचितच असेल.

तात्पर्य विचारण्याची सवय आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. गोष्टीखाली एक ओळीचे तात्पर्य असले की ती उपयुक्त झाली, असे पालकांना आणि बऱ्याच शिक्षकांनाही वाटते. प्रत्यक्षात त्या एका ओळीमुळे मुलाला गोष्टीत स्वतः काही शोधायचे उरत नाही. परीक्षेत विचारले जाणारे उत्तर हेच गोष्टीचे सार आहे असे ते धरून चालते आणि पुढच्या पुस्तकाकडेही त्याच धास्तीने पाहते. ग्रंथालय ही शाळेच्या आवारातील अशी एकच जागा असू शकते की जेथे वाचनाला गुण मिळत नाहीत, आणि तिचे हे वेगळेपण जपणे हे तिथल्या माणसाचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.

मोठ्याने वाचनाच्या पुढचे टप्पेही आखता येतात. सहवाचनात मोठ्या आकाराचे पुस्तक सर्वांसमोर ठेवून, शब्दांखालून बोट किंवा काठी फिरवत, परत परत येणाऱ्या ओळी मुलांकडून बरोबरीने म्हणवून घेतल्या जातात. जोडीवाचनात थोडे सराईत मूल आणि नवशिके मूल एकाच पुस्तकावर बसते. स्वतंत्र वाचनात प्रत्येकजण आपापले पुस्तक घेऊन गप्प वाचतो आणि त्या वेळात शिक्षकानेही वह्या तपासत न बसता स्वतःचे पुस्तक वाचायचे असते. ‘रूम टू रीड’ या संस्थेने भारतातील शाळांमध्ये या चार प्रकारांचा क्रम रुळवला आणि पुस्तकांच्या कठीणपणानुसार हिरवा, लाल, केशरी, पांढरा, निळा, पिवळा अशा सहा रंगांच्या पट्ट्या त्यांच्या कण्यावर लावण्याची पद्धत वापरली. रंगामुळे मुलाला मदत न मागता आपल्याला झेपणारे पुस्तक उचलता येते, हा तिचा फायदा. तोटा असा की उत्साही शिक्षक लगेच ‘तू अजून हिरव्यातच’ असे म्हणू लागतात आणि रंगाची इयत्ता होते. तिसरीतल्या मुलीला पिवळ्या पट्टीच्या जाड पुस्तकातली चित्रे पाहावीशी वाटली, किंवा सातवीतल्या मुलाला हिरव्या पट्टीचे चार ओळींचे पुस्तक आठव्यांदा वाचावेसे वाटले, तर दोघांनाही आडकाठी असू नये.

अशा वाचनाने काही साधते का, याचे एक बोलके उदाहरण फिजी बेटांवरील आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८० च्या सुमारास तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग केला. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नव्हती अशा मुलांच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० आकर्षक गोष्टींची पुस्तके देण्यात आली. काही वर्गांत सहवाचन, काहींत मुकाट वाचन घेण्यात आले, आणि तुलनेसाठीच्या वर्गांत पाठ्यपुस्तकातील ठरावीक वाक्यरचनांचा सराव चालू राहिला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचन व श्रवणातील प्रगती तुलनेतील मुलांच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली आणि हा फायदा पुढील वर्षीही टिकून राहिला, इतकेच नाही तर भाषेच्या इतर अंगांतही पसरला. पाठ्यक्रम मागे पडेल या भीतीने ग्रंथालयाची तासिका गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांनी या प्रयोगाकडे लक्ष देण्यासारखे आहे.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतराचा प्रश्न महाराष्ट्रातही तितकाच खरा आहे. पालघरमधील वारली वा कातकरी, नंदुरबारमधील भिली आणि पावरी, मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलांना शाळेची प्रमाण मराठी ही जवळजवळ नवी भाषा म्हणून भेटते. न्यूयॉर्कमध्ये १९२१ पासून काम करू लागलेल्या, मूळच्या पुएर्तो रिकोच्या प्युरा बेलप्रे या ग्रंथपालबाईंनी अशाच परिस्थितीत इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत गोष्टीचा तास चालवला, स्वतःच्या बेटावरच्या लोककथा सांगितल्या आणि त्यासाठी बाहुल्या वापरल्या. स्थलांतरितांच्या ज्या वस्त्यांना ग्रंथालय परके वाटत होते त्यांची मुले आणि त्यांच्यामागून आईवडीलही त्यामुळे ग्रंथालयात येऊ लागले. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून याच दिशेने जाते. तरुण कलाकारांचा गट बालसाहित्यातील गोष्टी नाट्यरूपाने आदिवासी भागातील शाळांमध्ये सादर करतो आणि त्या निमित्ताने मुलांना वाचनाकडे नेणारे भाषेचे काम केले जाते. गोष्ट आधी अंगावर येते, डोळ्यांसमोर घडते, आणि मग तीच गोष्ट छापील पानावर ओळखीची होऊन भेटते. अपरिचित भाषेचे ओझे त्यामुळे पुष्कळ हलके होते. ग्रंथपालाला स्थानिक बोली येत नसेल, तर गावातील एखाद्या आजीला बोलावून तिची गोष्ट मुलांकडून लिहून घेणे, तिला चित्रे काढून शिवणे आणि ती वही इतर पुस्तकांच्या शेजारी फळीवर ठेवणे, एवढे तरी सहज करता येते. अशी वही फळीवर गेली की मुलांच्या घरची भाषा ग्रंथालयात दाखल झालेली असते.

वाचनानंतरच्या उपक्रमांचे पीक आपल्याकडे भरघोस आहे आणि त्यात निवड करण्याची गरज आहे. एखाद्या पात्राला पत्र लिहिणे, गोष्टीचा शेवट बदलणे, आवडलेल्या पुस्तकाविषयी मित्रांना दोन मिनिटांत सांगून शेवट गुलदस्त्यात ठेवणे, गोष्टीतील गावाचा नकाशा काढणे, कोष आणि नकाशापुस्तिका वापरून प्रश्नाचे उत्तर हुडकणे हे सारे मुलाला पुन्हा पुस्तकाकडे पाठवतात. यातील शेवटचा प्रकार, म्हणजे संदर्भशोध, मोठ्या मुलांसाठी फार उपयोगी आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते: पाचवी ते आठवीच्या मुलाला अनुक्रमणिका आणि सूची यांतला फरक कळणे, एकाच गोष्टीविषयी दोन पुस्तकांत दोन आकडे आढळल्यास काय करायचे हे समजणे, ही पुढच्या सगळ्या शिक्षणाची तयारी असते. याउलट, १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी महाराष्ट्रात २०१५ पासून साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन पुष्कळ ठिकाणी भाषणे, फलक आणि छायाचित्रे यांतच संपतो. निबंध, वक्तृत्व आणि हस्ताक्षर स्पर्धांचेही तसेच आहे. स्पर्धेत तीन मुलांना बक्षीस मिळते आणि ती तिघे बहुधा आधीपासूनच वाचणारी असतात. ज्याला वाचनाची गोडी लागायची आहे तो सतरावा येतो आणि ग्रंथालय आपले नव्हे असे समजतो. वाचन प्रेरणा दिनी भाषण रद्द करून शाळेतील प्रत्येक मुलाला एक पुस्तक घरी दिले, तर त्या दिवसाचे नाव सार्थ होईल.

सुट्टीचा काळ हा ग्रंथालयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वाया जाणारा काळ आहे. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अमेरिकेतील अटलांटा शहरातील मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये दाखवून दिले की सुस्थितीतील आणि गरीब घरांतील मुलांच्या भाषिक प्रगतीतील तफावत शाळा चालू असताना तितकी वाढत नाही, ती मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढते, आणि सुट्टीतील वाचन व सार्वजनिक ग्रंथालयाचा वापर यांचा या प्रगतीशी ठळक संबंध असतो. घरापासून ग्रंथालय किती दूर आहे याचाही मुलांच्या ग्रंथालयात येण्यावर परिणाम होतो, असे त्यांना दिसले. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झेन यांनी गरीब वस्त्यांतील शाळांच्या मुलांना सलग तीन उन्हाळ्यांत दरवर्षी १२ पुस्तके दिली. ती कोणती हे मुलांनीच पुस्तकांच्या जत्रेत हिंडून ठरवले होते. या मुलांची वाचनाची पातळी इतरांपेक्षा सरस ठरली. ब्रिटनमध्ये ‘द रीडिंग एजन्सी’ ही संस्था सार्वजनिक ग्रंथालयांच्या मदतीने, १९९९ मध्ये सुरू झालेला उन्हाळी वाचनाचा देशव्यापी उपक्रम चालवते. त्यात चार ते अकरा वर्षांच्या मुलांनी सुट्टीत सहसा सहा पुस्तके वाचायची असतात, ती स्वतः निवडायची असतात आणि प्रत्येक टप्प्याला एखादे चिकटचित्र मिळते. आपल्याकडे मात्र मे महिना सुरू झाला की शाळेच्या ग्रंथालयाला नेमके त्याच वेळी कुलूप लागते, कारण वार्षिक तपासणीसाठी एप्रिलमध्ये सगळी पुस्तके जमा करून घेतलेली असतात. तपासणी मार्चमध्ये उरकून सुट्टीपूर्वी प्रत्येक मुलाला त्याने निवडलेली चार-पाच पुस्तके दिली आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर परत घेतली, तर वेगळा पैसा न लागता उन्हाळी उपक्रम उभा राहतो. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलांचे स्थलांतर दिवाळीच्या आसपास सुरू होते. त्यांच्यासाठी हीच शिदोरी त्या वेळी बांधून द्यावी लागेल.

येथे कुलपाच्या खऱ्या कारणाकडे यावे लागते. शाळेची पुस्तके नोंदवहीवर चढलेली मालमत्ता असतात. बाके, घंटा आणि तराजू यांच्याप्रमाणेच त्यांची मोजदाद होते आणि एखादे कमी भरले तर ज्या शिक्षकाच्या ताब्यात ग्रंथालय आहे त्याला जाब द्यावा लागतो. पुस्तक फाटले तर प्रश्न, हरवले तर वसुली, आणि वर्षभर कोणी हातही लावला नाही तर कोणतीच विचारणा नाही, अशी रचना असल्यावर शिक्षकाने पुस्तके कुलूपबंद ठेवली तर दोष त्याला कसा द्यावा? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी पहिलाच सिद्धांत पुस्तके वापरासाठी असतात असा आहे, आणि वापरलेले पुस्तक झिजणारच. मुले हाताळतात त्या संग्रहातील काही पुस्तके दरवर्षी जीर्ण किंवा गहाळ होणार, हे गृहीत धरून ती नोंदीतून वगळण्याचा सोपा अधिकार मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला मिळणे, हा कोणत्याही नव्या उपक्रमापेक्षा अधिक परिणामकारक सुधार ठरेल. एकही पुस्तक न हरवलेले बालग्रंथालय हे न वापरलेले ग्रंथालय असण्याचीच शक्यता अधिक.

देवघेव, म्हणजे पुस्तक देण्या-घेण्याची नोंद, मुलांच्याच हाती सोपवणे हा या प्रश्नावरचा दुसरा उपाय आहे, आणि तो स्वतंत्रपणेही उत्तम उपक्रम आहे. पाचवी-सहावीतील मुलामुलींची ग्रंथालय समिती दर महिन्याला बदलावी. प्रत्येक पुस्तकाच्या मागील पानाला कागदी खिसा, त्यात पुस्तकाचे कार्ड, आणि कार्डावर घेणाऱ्याचे नाव व तारीख एवढीच व्यवस्था असली की आठ-दहा मिनिटांच्या मधल्या सुट्टीत तीस पुस्तकांची देवघेव होते. समितीतील मुले फाटलेली पाने डिंकाने चिकटवतात, कण्याला कापडी पट्टी लावतात, पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी दोरीवर किंवा खुल्या फळीवर मांडतात आणि कोणते पुस्तक कोणाकडे अडकले आहे हे शिक्षकापेक्षा चांगले ओळखून असतात. कार्डावरची नावे वाचूनही मुले पुस्तके निवडतात: वरच्या वर्गातल्या ताईने हे नेले होते, ही शिफारस मोठ्यांच्या सल्ल्याहून वजनदार ठरते. केरळमध्ये ग्रामीण ग्रंथालयांना जोडून ‘बालवेदी’ नावाची मुलांची मंडळे चालतात आणि ग्रंथालयाच्या कार्यक्रमांत मुलांना त्यांचे स्वतःचे स्थान मिळते. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागांना असे रूप देता येण्याजोगे आहे.

कारण महाराष्ट्राजवळ त्यासाठी लागणारी चौकट आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेली, अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली ११ हजारांहून अधिक वाचनालये राज्यभर पसरलेली आहेत, आणि त्यांतील कित्येक जिल्हा परिषदेच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही शाळा आणि वाचनालय यांचा परस्परांशी व्यवहार क्वचितच असतो, कारण एक संस्था शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते आणि दुसरी ग्रंथालय संचालनालयाच्या. आठवड्यातून एकदा एका इयत्तेने शिक्षकांसह वाचनालयात जाणे, शाळेच्या हमीवर मुलांना अनामत रकमेशिवाय सभासद करून घेणे आणि शाळा सुटल्यानंतरचे दोन तास बालविभाग उघडा ठेवणे, या तीन गोष्टींना कोणाच्याही नव्या मंजुरीपेक्षा दोन्हीकडच्या माणसांच्या एका बैठकीची गरज आहे. ‘किशोर’सारखे १९७१ पासून निघणारे, पाठ्यपुस्तक मंडळाचे मासिक अशा बालविभागात आलेच पाहिजे, त्याचे जुने अंक आता संगणकावरही उपलब्ध आहेत. ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव म्हणून घोषित झालेल्या सातारा जिल्ह्यातील भिलारमध्ये लोकांनी आपल्या घरांच्या पडव्या आणि खोल्या वाचकांना खुल्या केल्या, त्यात बालसाहित्याचेही दालन आहे. घर आणि ग्रंथालय यांतील भिंत पातळ करण्याचा तो प्रयत्न आहे.

ही भिंत सर्वांत समर्थपणे पाडली ती जपानने. लेखिका मोमोको इशिई यांनी १९५८ मध्ये तोक्योतील आपल्या घराची एक खोली शेजारच्या मुलांसाठी उघडली आणि तिला ‘कात्सुरा बुंको’ असे नाव दिले. बुंको म्हणजे छोटा पुस्तकसंग्रह. तेथे काय घडले ते त्यांनी १९६५ मध्ये पुस्तकरूपाने लिहिले आणि ते वाचून देशभरातील गृहिणींनी आपापल्या घरी असे बुंको काढले. आठवड्यातून एक-दोन दुपारी घर उघडे ठेवायचे, पुस्तके घरी न्यायला द्यायची आणि मुले जमली की एखादे वाचून दाखवायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम असे. अशाच चार बुंकोंच्या एकत्र येण्यातून १९७४ मध्ये तोक्यो बालग्रंथालय ही संस्था स्थापन झाली. पुण्या-मुंबईतील गृहसंकुले, ठाणे-नाशिकमधील नव्या वसाहती आणि परदेशातील मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा यांना हा नमुना जसाच्या तसा घेता येईल. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी ऐकून समजते पण वाचता येत नाही, ही तिथल्या पालकांची नेहमीची अडचण असते. अशा मुलांना व्याकरणाच्या तक्त्यांआधी मोठ्याने वाचलेल्या चित्रपुस्तकांचा अधिक उपयोग होईल. सुरुवातीला पन्नास-साठ चांगली निवडलेली पुस्तके, एक चटई, नोंदवही आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी दार उघडणारे माणूस इतके पुरते. यांतले शेवटचे मिळवणे सर्वांत अवघड असते, आणि म्हणूनच अशी जागा एका व्यक्तीने सुरू केली तरी पहिल्या काही महिन्यांतच आणखी दोघांना वाचून दाखवण्याची सवय लावून ठेवणे हितावह ठरते, म्हणजे कोणी गावाला गेले तरी त्या वाराचे दार बंद राहत नाही.